मंडई स्थानकाच्या वरचा रस्ता : पुण्याच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. व्यवस्थापकीय संचालक, महामेट्रो
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, पीएमपीएमएल (पुणे व पिंपरी-चिंचवडची शहर बससेवा)
मा. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, पुणे
आणि लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग व मंडई परिसरातील सर्व व्यापारी बंधुभगिनी

सप्रेम नमस्कार.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानकं थेट जुन्या गावाच्या पोटात उघडली. पिंपरी-चिंचवडहून लक्ष्मी रस्त्यावर लग्नाचा बस्ता बांधायला येणारं कुटुंब, वनाजहून तुळशीबागेत येणाऱ्या मैत्रिणी, रामवाडीकडून अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला येणारी मुलं, या सगळ्यांना गाडी घरी ठेवून गावात येणं शक्य झालं. मी शुक्रवार पेठेत राहते. ही सोय किती मोठी आहे ते मला रोज दिसतं. मुठेच्या पात्राखालून आणि शे-दीडशे वर्षांच्या वाड्यांच्या पायाखालून बोगदे काढणं सोपं काम नव्हतं. ते ज्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी केलं, त्यांचे मनापासून आभार मानते आणि मगच पुढचं लिहिते.

मेट्रो जमिनीखालून गेल्यामुळे एक प्रश्न मात्र सगळ्यांनी टाळला. वरचा रस्ता कुणाला द्यायचा? कर्वे रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले तेव्हा रस्त्याच्या एकेका फुटाचा हिशोब करावा लागला. किती रुंदी खांबांना, किती गाड्यांना, पदपथ किती उरणार, यावर भांडणं झाली, नकाशे बदलले, लोक बोलले. पेठांमध्ये ती वेळच आली नाही. बोगदा खोलवर, आणि वर शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता होते तसेच. स्थानकांची प्रवेशद्वारं तेवढी नवी झाली. त्या प्रवेशद्वाराच्या पायरीवरून उतरलं की पहिलं पाऊल जिथे पडतं, तिथे दुचाकींची रांग, हातगाडी, वळायला जागा शोधणारी रिक्षा आणि मागून हॉर्न वाजवणारा टेम्पो असतो. आत सरकते जिने, दिशादर्शक फलक, दिव्यांगांसाठी लिफ्ट, अंधांसाठी उठावाच्या फरशा. बाहेर चारच पावलांवर, डोळस आणि धडधाकट माणसालाही जीव मुठीत धरून चालावं लागतं.

मला या पत्रात एकच गोष्ट मागायची आहे. कसबा पेठ आणि मंडई या स्थानकांभोवतीच्या पाचशे मीटरांत रस्त्याचा पहिला हक्क पायी चालणाऱ्याला द्या, दुसरा बसला, आणि उरलेली जागा बाकीच्यांना. पुढे जे काही लिहिलं आहे ते या एका मागणीसाठी आहे.

युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या अनेक शहरांनी मध्यवस्तीत भुयारी मेट्रोऐवजी रस्त्यावरून धावणारी हलकी रेल्वे आणली, म्हणजे आपल्या ओळखीच्या भाषेत ट्रामच. मुंबईने ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम चालवली. इतरांनी ती नव्याने बसवली. रुळ रस्त्यावरच टाकायचे असल्यामुळे त्या शहरांना सुरुवातीलाच ठरवावं लागलं की मोटारींची जागा किती कमी करायची. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गची गोष्ट मला पेठांमधून चालताना सारखी आठवते. तिथली जुनी ट्राम १९६० साली बंद झाली होती. १९८० च्या दशकात शहराने भुयारी स्वयंचलित मेट्रोची योजना आखली. मध्यवस्तीतल्या अनेक दुकानदारांचा कल तिच्याकडे होता आणि त्यांचं कारण स्वच्छ होतं : गाडी जमिनीखालून जाईल, वरचा मोटारींचा रस्ता शाबूत राहील, गिऱ्हाईक दारापर्यंत गाडी घेऊन येत राहील. १९८९ ची नगरपालिकेची निवडणूक बऱ्याच अंशी याच मुद्द्यावर लढली गेली. काथरीन त्रोतमान यांनी ट्रामची बाजू घेतली, त्या निवडून आल्या आणि महापौर झाल्या. मग रुळ टाकायच्या आधीच गावाच्या मधोमध असलेल्या क्लेबेर चौकातून आरपार जाणारी मोटारवाहतूक बंद झाली. व्यापाऱ्यांनी विरोध केला, कामाच्या काळात त्यांना त्रासही झाला. नोव्हेंबर १९९४ मध्ये पहिला मार्ग सुरू झाला. पुढच्याच वर्षी निवडणूक होती, आणि लोकांनी त्रोतमान यांना पुन्हा निवडून दिलं. आज तिथे ट्रामचे अनेक मार्ग आहेत आणि क्लेबेर चौक पायी फिरणाऱ्यांचा आहे.

स्ट्रासबुर्गच्या दुकानदारांना जे हवं होतं ते पुण्याला मिळालं आहे. आपली गाडी जमिनीखालून गेली आणि वरचा रस्ता शाबूत राहिला. आता त्याचं काय झालं ते आपण सगळे रोज पाहतो आहोत. पेठांमध्ये ट्राम आणा असं मी म्हणत नाही. इतका पैसा खर्चून बोगदे झाले आहेत, गाड्या धावताहेत, लोक बसताहेत. पण ट्राम आली असती तर जो निर्णय आपोआप घ्यावा लागला असता, तो आता महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना मुद्दाम बसून घ्यावा लागेल. मेट्रो तो आपल्यासाठी घेणार नाही. तिचं काम फलाटावर आणि फार तर प्रवेशद्वारावर संपतं.

खोल मेट्रोचा एक स्वभाव असतो, तोही लक्षात घ्यायला हवा. जिल्हा न्यायालय स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, देशातल्या सर्वात खोल मेट्रो स्थानकांपैकी एक. मंडई आणि कसबा पेठेतही फलाटावर पोचायला दोन-तीन जिने उतरावे लागतात, मध्ये तपासणी, तिकिटाचं फाटक. पिंपरीहून येणाऱ्याला हा वेळ काहीच वाटत नाही, कारण त्याचा बाकीचा तासभर वाचलेला असतो. पण शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत, किंवा फडके हौदापासून स्वारगेटच्या अलीकडे कुठेतरी जाणाऱ्यासाठी एवढं खाली उतरून परत वर येणं परवडत नाही. लांबचं अंतर मेट्रो कापते, जवळचं अंतर रस्त्यावरच्या साधनाने कापायचं असतं. जगभरात मध्यवस्तीतली हलकी रेल्वे नेमकं हेच काम करते : थोड्या थोड्या अंतरावर थांबा, जिना नाही, पायरी नाही, दार उघडलं की समोर पदपथ. पेठांमध्ये हे काम आपल्याकडे फक्त दोनच गोष्टी करू शकतात. एक म्हणजे माणसाचे पाय आणि दुसरी म्हणजे लहान बस. या दोघांनाही आज जागा नाही.

पायांचं आधी बोलते. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. याचा आपल्याला अभिमान असायला हवा. त्याच सुमाराला जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, बसायला बाक आले, झाडांना आळी मिळाली. तिथे संध्याकाळी आजी-आजोबा, मुलं, कॉलेजची पोरं सगळी चालताना दिसतात, आणि तिथली दुकानंही उघडी आहेत, चालू आहेत. म्हणजे हे काम आपल्याला करता येतं. लक्ष्मी रस्त्यावरही ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. २०२१ पासून ही प्रथा सुरू झाली. त्या दिवशी रस्त्याचा ठरावीक भाग वाहनांना बंद, रांगोळ्या, खेळ, बायका रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत चालताहेत. माझ्या शेजारच्या काकू त्या दिवशी मुद्दाम बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पूर्ववत होतं. रस्त्यावर निर्धास्त चालायला मिळणं ही वर्षातून एकदा साजरी करायची गोष्ट आहे, असं कुठलंही शहर स्वतःबद्दल कसं मान्य करू शकतं, हे मला समजत नाही.

आता व्यापारी बंधुभगिनींनो, तुमच्याशी बोलते, कारण तुमच्याशिवाय यातलं काहीच होणार नाही आणि होऊही नये. पेठांमध्ये जीव आहे तो तुमच्यामुळे. तापकीर गल्लीत विजेचं सामान, बोहरी आळीत हार्डवेअर आणि रंग, तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी, लक्ष्मी रस्त्यावर साड्या आणि सोनं : एका किलोमीटरच्या परिघात एवढा बाजार महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. तुमची भीती मी अनेकदा ऐकली आहे. गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जाईल, कोथरूड-बाणेरच्या दुकानात जाईल. भीती खोटी नाही. पण आज दुकानासमोर कोण उभं आहे ते एकदा मोजून पाहा. समोर लावलेल्या दुचाकींपैकी कितीतरी दुकानाच्या मालकाच्या, नोकरांच्या आणि शेजारच्या गाळ्याच्या असतात आणि सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाईक त्या रांगेच्या बाहेर, चालत्या रस्त्यावर उभं राहून तुमच्या काचेतली साडी पाहतं. तिला थांबायला जागा नाही म्हणून ती पुढे जाते. मोटार लावायला जागा मिळाली म्हणून आलेलं एक गिऱ्हाईक तुम्हाला दिसतं. गर्दीला कंटाळून न आलेली दहा दिसत नाहीत. मेट्रोने येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी असते आणि वेळ असतो. तिच्यासाठी रस्ता मोकळा करणं हे धंद्याचंच काम आहे.

पार्किंगचं म्हणाल तर मंडईजवळ महापालिकेची आर्यन आणि मिनर्व्हा ही दोन बहुमजली वाहनतळं आहेत. तरीही गाडी दारात लावण्याची सवय सुटत नाही, कारण रस्त्यावर लावणं जवळजवळ फुकट आहे. सम-विषम तारखांचं पार्किंग रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवण्यासाठी होतं, आता ती मोकळी बाजूही कुणी ना कुणी वापरतो. २०१८ साली महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं, विरोध झाल्यावर ते पाच रस्त्यांपुरतं मर्यादित केलं, आणि त्यानंतर ते कागदावरच राहिलं. तेव्हा एक युक्तिवाद पटण्यासारखा होता : आधी पर्याय द्या, मग पैसे घ्या. आता पर्याय आला आहे. मंडईखाली तो दर काही मिनिटांनी थांबतो. स्थानकांच्या पाचशे मीटरांत रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावा, दर दुपारी आणि सणासुदीला जास्त ठेवा, आणि त्यातून येणारी रक्कम त्याच पेठेच्या पदपथांवर आणि बसवर खर्च होईल असं जाहीर करा. पैसा कुठे गेला ते दिसलं तर लोक देतात.

बसबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण मेट्रोच्या चर्चेत बस नेहमी मागच्या बाकावर बसवली जाते. शिवाजी रस्ता स्वारगेटकडे एकेरी, बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडे एकेरी. ही जोडी म्हणजे मध्य पुण्याची नैसर्गिक बसची फेरी आहे. मनपापासून स्वारगेटपर्यंत आणि परत, दोन्ही स्थानकांना आणि दोन्ही बाजूंच्या पेठांना धरून. आज या रस्त्यांवर मोठ्या बस रिक्षा आणि दुचाकींच्या मध्ये अडकून उभ्या असतात. जुलै २०२१ मध्ये पीएमपीएमएलने मध्यवर्ती भागासाठी 'पुण्यदशम' सुरू केली : लहान वातानुकूलित बस, १० रुपयांत दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा. कल्पना अतिशय योग्य होती. पण तेव्हा पेठांत मेट्रो नव्हती, त्यामुळे ती एकटीच लढत होती. आता दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. कसबा पेठ आणि मंडई स्थानकांच्या तोंडाशी थांबणारी, दर पाच-सहा मिनिटांनी येणारी, नारायण, सदाशिव, शनिवार, रविवार, गुरुवार, भवानी पेठांमधून फिरणारी लहान बस हवी. दर पाच-सहा मिनिटांनी म्हणजे वेळापत्रक पाहावंच लागू नये इतकी. वीस मिनिटांनी एकदा येणाऱ्या बससाठी कुणी मेट्रोतून उतरून थांबत नाही, तो समोरच्या रिक्षात बसतो किंवा दुसऱ्या दिवशी घरूनच दुचाकी काढतो.

आणि भाडं. जून २०२५ च्या दरवाढीत पीएमपीएमएलचं पहिल्या टप्प्याचं भाडं ५ वरून १० रुपये झालं आणि दैनंदिन पास ४० वरून ७० रुपये. मेट्रोचंही किमान भाडं १० रुपयेच आहे. म्हणजे मेट्रोतून उतरून एक किलोमीटर बसने जाणाऱ्याला त्या एका किलोमीटरसाठी वेगळे १० रुपये मोजावे लागतात. घरातली चार माणसं खरेदीला निघाली की जायचे-यायचे मिळून ८० रुपये केवळ या तुकड्यासाठी जातात, आणि मग स्कूटरवर तिघं बसून येणं स्वस्त वाटू लागतं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने १९७५ पासून २०१० पर्यंत मध्यवस्तीत बस फुकट ठेवली होती, आणि १९८६ मध्ये हलकी रेल्वे आल्यावर तीही त्या भागात २०१२ पर्यंत फुकटच होती. आपल्याला फुकट नको. मेट्रोचं तिकीट ज्याच्याकडे आहे त्याला दीड तासाच्या आत पेठांमधल्या लहान बसमध्ये वेगळं भाडं पडू नये, एवढंच पुरे. पीएमपीएमएल पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या मालकीची आहे, मेट्रोमध्ये राज्य आणि केंद्राचा पैसा आहे. सगळीकडे पैसा आमचाच. मग प्रवासाचं तिकीट एक करायला अडचण कुणाची आहे, हे स्पष्ट सांगावं. एकात्मिक वाहतूक प्राधिकरण, म्हणजे पुम्टा, याच कामासाठी आहे.

ज्यांना चालता येत नाही आणि ज्यांना माल वाहायचा आहे, त्यांचं काय, हा प्रश्न कुणीही विचारेल आणि विचारायलाच हवा. पेठांमध्ये म्हातारी माणसं खूप आहेत, वाड्यांमध्ये लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्यासाठी रिक्षा दारापर्यंत आली पाहिजे, रुग्णवाहिका तर कुठल्याही वेळी. रहिवाशांच्या गाड्यांना ओळखपत्र देऊन वाट ठेवता येते. मालाचं म्हणाल तर मंडईचा घाऊक बाजार कधीच गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला. आता इथे येतो तो किरकोळ विक्रीचा माल. टेम्पोला सकाळी दहापर्यंत आणि रात्री नऊनंतर वेळ ठरवून द्या. दिवसभर हातगाडी चालेल. हमाल आणि हातगाडीवाले यांना या मांडणीत हक्काची जागा आखून द्या, कारण पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा करण्याच्या नावाखाली सगळ्यात आधी त्यांनाच हाकललं जातं, असा आजवरचा अनुभव आहे. पथारीवाल्यांचंही तेच. ज्या बाजारात पाटीवाली बाई बसत नाही तो पुण्याचा बाजार नव्हे. त्यांना पदपथाच्या कडेला आखलेली जागा द्यावी आणि चालण्याची पट्टी मोकळी ठेवण्याची अट घालावी.

मंडईची ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८० च्या दशकात, रे मार्केट या नावाने उभी राहिली. तिच्यावरच्या खर्चाला तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा फुले यांनी विरोध केला होता. हा पैसा गरिबांच्या कामी यावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मंडईला त्यांचंच नाव मिळालं. त्या नावाच्या चौकात कोट्यवधींचं स्थानक उभं राहिल्यावर, ते कुणाच्या उपयोगाचं झालं याचा हिशोब महापालिकेने त्याच कसोटीवर द्यावा असं मला वाटतं. सकाळी सहाला भाजी लावणारी बाई मेट्रोने येते का? तिला येता येईल का? तिच्या पाटीसकट?

पेठांमध्ये वाहनं बंद करणं अशक्य आहे असं सांगणाऱ्यांना मी गणेशोत्सवाकडे बोट दाखवते. दरवर्षी त्या दिवसांत संध्याकाळपासून शिवाजी रस्ता आणि लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद होतात. दुकानं चालू असतात, घरांत माणसं राहतात, आजारी माणसाला दवाखान्यात नेलं जातं, दूध-भाजी येते. लाखो माणसं दगडूशेठ, कसबा, जोगेश्वरी, मंडई करत पायी फिरतात. २०२५ च्या उत्सवात मेट्रो मध्यरात्रीनंतरही धावली आणि विसर्जनाच्या वेळी रात्रभर थांबली नाही. मंडई आणि कसबा स्थानकांवरची ती गर्दी पोलिसांनी, मेट्रोच्या कर्मचाऱ्यांनी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी मिळून सांभाळली. बॅरिकेड कुठे, रिक्षा कुठपर्यंत, रुग्णवाहिका कुठून, हे सगळं वाहतूक शाखेला तोंडपाठ आहे. नकाशा तयार आहे, माणसं तयार आहेत, अनुभव आहे. त्यातला एक लहानसा भाग वर्षभर, रोज संध्याकाळी चालवायचा आहे. त्याला नवीन पूल लागत नाही, नवीन बोगदा लागत नाही.

नदीकडच्या बाजूलाही हीच गोष्ट आहे. डेक्कन आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानकांतून मुठेवरून नारायण आणि शनिवार पेठेकडे येणारे पादचारी पूल आखले गेले, ही फार चांगली गोष्ट झाली. पूल आखताना जो विचार केला तो पूल संपतो तिथे थांबू नये. पुढच्या गल्ल्यांमध्ये अभ्यासिका आहेत, स्पर्धा परीक्षांची हजारो मुलंमुली रात्री उशिरापर्यंत येतात-जातात. त्यांच्यातल्या फार थोड्यांकडे गाडी असते. त्या गल्ल्यांतले दिवे आणि पदपथ हे मेट्रोचंच काम समजून करावं.

स्वारगेटबद्दल थोडक्यात. एसटी, पीएमपीएमएल आणि मेट्रो तिन्ही एका चौकात असताना एकीतून दुसरीत जायला वर ऊन आणि रहदारी ओलांडावी लागू नये, एवढी एकच अपेक्षा आहे. तिथून कात्रजपर्यंतच्या साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात स्पष्ट लिहिलं आहे की प्रत्येक स्थानकाचा आवाका पूरक बससेवेने किमान पाच किलोमीटरपर्यंत वाढवावा, पायी चालण्याची आणि सायकलची सोय करावी. पुण्याचा पहिला टप्पा २०१६ साली, या धोरणाच्या आधी मंजूर झाला, म्हणून तिथे हे राहून गेलं असं एकवेळ समजून घेता येईल. सातारा रस्त्यावर ती सबब चालणार नाही. तिथल्या स्थानकांच्या दारातले पदपथ आणि बसचे थांबे बोगद्याच्या निविदेबरोबरच आखले गेले पाहिजेत. या शहराने २००६ च्या डिसेंबरमध्ये याच रस्त्यावर देशातली पहिली बीआरटी सुरू केली होती. बससाठी राखलेल्या त्या मार्गिका पुढे कशा विस्कटल्या, हे स्वारगेट-कात्रज रोज करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. चांगली सुरुवात आणि मग देखभालीचा कंटाळा, हे पुन्हा होऊ देऊ नका.

हे सारं एकदम होणार नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून सुरुवात एका तुकड्यापासून करा. मंडई स्थानकाच्या प्रवेशद्वारापासून तुळशीबागेवरून लक्ष्मी रस्त्यापर्यंतचा भाग घ्या. दुपारी चार ते रात्री नऊ तिथून खासगी मोटारी आणि दुचाकी बंद. रहिवासी, रिक्षातले ज्येष्ठ आणि आजारी, रुग्णवाहिका यांना वाट. दोन्ही बाजूंचं पार्किंग काढून तिथे एका पातळीचा, पावसात पाणी न साठणारा पदपथ. स्थानकाच्या तोंडाशी लहान बसचा थांबा, त्यावर छप्पर आणि रिक्षांची आखलेली रांग. पहिले सहा महिने तात्पुरत्या कुंड्या आणि रंग वापरून करा, दगडी काम नंतर. सुरू करण्याआधी आणि सहा महिन्यांनी, दोन्ही वेळा मोजणी करा : किती माणसं पायी आली, किती बसने, दुकानांत किती शिरली, किती अपघात झाले. मोजणीत व्यापारी संघटनेचा आणि रहिवाशांचा माणूस असू द्या, म्हणजे आकड्यांवर भांडण होणार नाही. काही चुकलं असेल तर बदला. पण सहा महिने पूर्ण होण्याआधी, पहिल्या आठवड्यातल्या ओरडीला घाबरून मागे घेऊ नका. पहिल्या आठवड्यात ओरड होणारच आहे, आणि तेव्हा ठाम उभं राहणं हे आयुक्तांचं आणि या भागातून निवडून येणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीचं काम आहे.

तुम्हा चौघांच्या कार्यालयांमध्ये हा विषय आजवर चार वेगळ्या फायलींमध्ये फिरतो आहे. पदपथ महापालिकेचा, थांबा पीएमपीएमएलचा, दार मेट्रोचं, वाहनबंदीचा आदेश पोलिसांचा. मेट्रोतून उतरलेल्या माणसाला यातली एकही हद्द दिसत नाही. चौघांनी एका शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मंडई स्थानकावर यावं, सोबत व्यापारी संघटनेच्या प्रतिनिधींना, एका चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला आणि एखाद्या आजींना घ्यावं, आणि लक्ष्मी रस्त्यापर्यंत चालत जावं. परत आल्यावर तिथेच उभं राहून या तुकड्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर सोपवावी आणि काम सुरू करण्याची तारीख जाहीर करावी. आम्ही पेठांमधले रहिवासी मोजणीला, रहिवाशांची ओळखपत्रं वाटायला आणि दुकानादुकानांत जाऊन बोलायला माणसं देऊ.

या पत्राचं उत्तर लेखी आणि सर्वांना वाचता येईल असं द्यावं, ही विनंती.

आपली,
शुक्रवार पेठेतली एक रहिवासी